कोकण किनाऱ्यावर तंबूतला मुक्काम : लहानमोठ्या मुलांना एकत्र कसे रमवावे

एकाच तंबूत तीन वर्षांचे बाळ, आठ वर्षांची मुलगी आणि चौदा वर्षांचा मुलगा असला की आईवडिलांचा सगळा वेळ तिघांना तीन निरनिराळ्या गोष्टींत गुंतवण्यात जातो आणि तरीही दुपारपर्यंत कोणी ना कोणी ‘कंटाळा आला’ म्हणतेच. यावर अनेक घरे खेळण्यांच्या पिशव्या वाढवतात आणि त्या पुरल्या नाहीत की मोबाइल हातात देतात. माझे मत असे की प्रत्येक वयासाठी स्वतंत्र करमणूक शोधण्याच्या फंदात पडूच नये. काम एकच निवडावे, मात्र त्यात प्रत्येकाच्या वयाला झेपेल असा खराखुरा वाटा असावा; आणि ते काम केव्हा करायचे हे घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर सोडावे. अलिबागपासून शिरोड्यापर्यंतच्या किनाऱ्यावर ही रीत उत्तम चालते, कारण येथे समुद्र दिवसातून दोनदा नवे अंगण मोकळे करून देतो आणि दोनदा ते परत घेतो.

तिथी पाहून बेत आखावा

मुलांना घेऊन तंबूत राहण्याचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच धरावा. जून ते सप्टेंबरमध्ये समुद्र खवळलेला असतो, त्या काळात किनाऱ्यावर तंबू टाकण्याचा विचारही करू नये. ऑक्टोबरचे ऊन आणि मार्चनंतरचा दमटपणा लहान मुलांना सोसत नाही. या चार महिन्यांत सुट्टी कधी घ्यावी हे मात्र कॅलेंडरातील तिथी पाहून ठरवावे, कारण मुले किती रमतील हे बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून असते.

किनाऱ्यावर जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण पक्ष, हिशेब तोच. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी लागते, आणि दुसऱ्या दिवशी हे सारे चक्र सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हा अंदाज ढोबळ आहे, ठिकाणागणिक त्यात अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो, त्यामुळे पाण्याजवळ जाण्याआधी छापील तक्ता पाहावा किंवा गावातील मच्छीमारांना विचारावे. दहा-बारा वर्षांच्या मुलांकडे हा हिशेब सोपवून त्यांनी काढलेली वेळ आणि प्रत्यक्षातील वेळ यांची रोज तुलना करायला लावली, तर मुक्कामाचे वेळापत्रक सांभाळण्याचे काम आपसूक त्यांचे होऊन जाते.

या हिशेबातून मुलांच्या दृष्टीने मोठी सोय निघते. अष्टमीच्या आसपास ओहोटी भर दुपारी आणि मध्यरात्री येते, म्हणजे वाळू मोकळी असते तेव्हा एक तर ऊन तापलेले असते नाही तर मुले झोपलेली असतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास याच्या उलट भरती दुपारी बाराच्या सुमारास असते आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळी, मुलांना बाहेर काढण्याजोग्या गार वेळी लागते. शिवाय उधाणाच्या या दिवसांत पाणी सर्वांत दूर ओसरते. पाच वर्षांखालील मूल बरोबर असेल आणि त्याला अंधाराची भीती वाटत असेल तर पौर्णिमा निवडावी. मुले मोठी असतील आणि तारे पाहायचे असतील तर अमावास्या. उधाणाची भरती रात्री सर्वांत वरपर्यंत चढते, हे मात्र तंबूची जागा ठरवताना विसरू नये.

तळ ठोकण्याचे काम मुलांचेच

जागेसाठी आधी परवानगी घ्यावी. सुरूची बने बहुधा वन खात्याच्या किंवा ग्रामपंचायतीच्या ताब्यात असतात आणि वाड्या खासगी मालकीच्या. मुले बरोबर असताना एखाद्या घरगुती निवासाच्या वाडीत तंबू टाकणे मला अधिक योग्य वाटते, कारण तेथे गोडे पाणी, शौचालय आणि रात्री हाक मारता येईल असे माणूस जवळ असते. माडाखाली तंबू कधीही लावू नये; नारळ किंवा सुकलेली झावळी केव्हा खाली येईल याचा नेम नसतो. वाळूवर शेवाळ, काटक्या आणि सोडणांची, म्हणजे नारळाच्या सालींची, जी वाकडीतिकडी रेषा दिसते ती गेल्या भरतीची खूण होय. तंबू त्या रेषेच्या बऱ्याच वर, चढावर असावा.

मोकळ्या वाळूत तंबूच्या खुंट्या धरत नाहीत, आणि त्यामुळेच मुलांसाठी पहिले चांगले काम निघते. कापडी पिशव्यांत वाळू भरायची, तोंड बांधायचे, तंबूची दोरी पिशवीला आवळायची आणि पिशवी हातभर खोल पुरायची. सर्वांत धाकट्याने करवंटीने वाळू भरावी, मधल्याने गाठी माराव्यात, थोरल्याने खड्डे खणून दोऱ्या ताणाव्यात. काम मनासारखे झाले नाही तरी मोठ्यांनी लगेच हात घालू नये. दोरी सैल राहिली तर वारा ते सांगतोच, आणि मग मुले स्वतःहून पुन्हा ताणतात.

तळ लागला की सुंभाची दोरी बांधून किंवा काठीने वाळूत रेघ ओढून धाकट्याची हद्द ठरवावी. ही हद्द घरातील सर्वांना माहीत असावी आणि तिच्यावर लक्ष ठेवण्याची पाळी मोठ्या माणसांनी आपसात वाटून घ्यावी. चौदा वर्षांच्या मुलाला ‘तू दादा आहेस ना, बघ जरा तिच्याकडे’ असे दिवसभर सांगत राहणे हा त्याचा मुक्काम नासवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. त्याला जबाबदारी द्यावी, पण ती कामाची असावी, भावंडांना सांभाळण्याची नव्हे.

सकाळची ओहोटी

दिवसातील सर्वांत चांगले दोन तास हेच. उठल्यावर पेज किंवा घावन खाऊन, डोक्याला टोपी घालून, पाणी ओसरत असतानाच सर्वांनी एकत्र खाली उतरावे.

ओल्या वाळूवर तेव्हा जागोजागी ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्यांच्या रांगोळ्या दिसतात. त्या काढणारा खेकडा वाटाण्याएवढा असतो. दोन-तीन पावलांवर उकिडवे बसून अगदी स्तब्ध राहिले की मिनिटा-दोन मिनिटांत तो बिळातून बाहेर येतो, नांगीने वाळू तोंडाशी नेतो, तिच्यातील सूक्ष्म शेवाळ व सेंद्रिय कण खातो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे ढकलतो. बिळापासून एकेक वाट सरळ बाहेर काढत तो गोळ्या मांडत जातो, म्हणून त्या किरणांसारख्या पसरलेल्या दिसतात. सावली पडली किंवा पाऊल वाजले की तो क्षणात नाहीसा होतो. तीन वर्षांच्या मुलाला गप्प बसवणे अवघड असते, पण या खेकड्यापुढे ते बसते. ‘हलला तो हरला’ एवढाच खेळ त्याला पुरतो. आठ वर्षांच्या मुलीने एका बिळाभोवतीच्या वाटा मोजाव्यात, थोरल्याने एक चौरस हात जागा आखून तीत किती बिळे आहेत ते पाहावे आणि पाण्याच्या कडेला व वरच्या कोरड्या वाळूत हा आकडा कसा बदलतो याची नोंद ठेवावी.

जेथे कातळ आहे तेथे ओहोटीला खड्ड्यांत पाणी साचून राहते आणि त्यात शंखात राहणारे खेकडे, छोटे मासे, समुद्रफुले, कालवे, कधी तारामासा सापडतो. येथे धाकट्याला कडेवर किंवा हात धरूनच न्यावे, कारण कातळ निसरडा असतो आणि कालवांच्या कडा पाय कापतात. सर्वांच्या पायात तळव्याला घट्ट बसणारी पादत्राणे असावीत. नियम दोनच सांगावेत आणि ते पाळले जातील हे पाहावे. पहिला, डोळ्यांनी पाहायचे, हाताने उचलायचे नाही. विशेषतः शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख जिवंत असेल तर त्यातील प्राण्याचा दंश विषारी असतो. दुसरा, उलटलेला दगड पुन्हा होता तसा ठेवायचा, कारण त्याच्या खालच्या बाजूला राहणारे जीव उन्हात मरतात. वाळूवर पडलेल्या जेलीफिशला मेलेली दिसली तरी हात लावू नये. तिचा स्पर्श झालाच तर ती जागा समुद्राच्याच पाण्याने धुवावी, चोळू नये. उथळ पाण्यात चालताना पाय उचलून न टाकता घासत पुढे न्यावेत, म्हणजे वाळूत दडलेले पाखट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) दूर सरते. त्याचा काटा लागला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून लगोलग दवाखाना गाठावा.

पाण्यात उतरण्याबद्दल मी कडकच सांगेन. ओहोटी चालू असताना मुलांना घोट्यापेक्षा खोल पाण्यात जाऊ देऊ नये आणि खाडीच्या मुखाशी तर मुळीच नाही, कारण तेथे पाणी ओढून नेते. इतर वेळीही गुडघ्याची मर्यादा ठेवावी आणि एक मोठे माणूस मुलांच्या समुद्राकडील बाजूला उभे असावे. पोहण्याच्या वर्गात तरबेज झालेला मुलगा लाटांतही तरबेज असतोच असे नाही.

हिवाळ्यात कुरव आणि सुरय थव्याने वाळूवर बसतात, चिखले आणि तुतारी पाण्याच्या कडेने धावत असतात आणि नशीब असेल तर समुद्री गरुड वरून फिरताना दिसतो. दुर्बीण एकच असली तरी हरकत नाही. ती कोणाकडे किती वेळ राहील हे मुलांनाच ठरवू द्यावे.

दुपार

अकरा ते चार सावलीत राहावे. ही वेळ रेंगाळते, म्हणून तिच्यासाठी थोडी तयारी असावी. वाडीच्या मालकांना विचारून माडाची एक ओली झावळी घ्यावी. तिच्या पातीपासून घड्याळ, पिपाणी, भिरभिरे आणि चेंडू करण्याची कला गावातील आजोबा-आजींना बहुधा येते, आणि शहरातील मुलांना ती शिकवायला त्यांना आवडतेही. ‘आजी, आम्हाला दाखवाल का?’ एवढे मुलांनी स्वतः विचारावे. धाकट्याच्या मनगटावर घड्याळ, मधलीच्या हातात भिरभिरे, आणि पिपाणीतून आवाज काढण्याची खटपट थोरल्याकडे, असे एका झावळीत सर्वांचे भागते. सागरगोटे, पत्ते आणि गाण्याच्या भेंड्या आहेतच.

थोरल्यासाठी याच वेळी एक काम सुचवतो. सुरक्षित जागी, पाण्याच्या कडेला एक खुणा केलेली काठी रोवावी आणि दर तासाला पाणी कोठवर आले ते वहीत लिहावे. पाणी सहा तास एकसारखे चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या भागाइतके, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या व चौथ्यात प्रत्येकी तीन, मग पुन्हा दोन आणि एक असा त्याचा साधारण क्रम असतो. हा क्रम आपल्या काठीवर उतरतो का हे पाहण्यात किशोरवयीन मुले मनापासून गुंततात. खेरीज त्यांना दुपारी तासभर कोणी हाक मारू नये अशी स्वतःची जागा द्यावी. सुरूच्या दोन झाडांमध्ये बांधलेली झोळी पुरे. धाकट्यांना याच सुमारास झोपवावे, कारण दुपारची झोप चुकलेले मूल संध्याकाळ सर्वांसाठीच अवघड करते. कोकम सरबत, शहाळे आणि साधे पाणी थोड्या थोड्या वेळाने देत राहावे. दमट हवेत घाम फार जातो आणि मुलांना तहान लागल्याचे उशिरा कळते.

संध्याकाळचे खेळ आणि पोपटी

ऊन उतरले की ओल्या, घट्ट वाळूइतके चांगले मैदान दुसरे नाही. काठीने पाट्या आखून आट्यापाट्या खेळावे, किंवा चपट्या दगडांची लगोरी लावावी. लहानांना ‘कच्चा लिंबू’ करून घेण्याची आपली पद्धत चांगली आहे, पण नुसते खेळात घेतल्याचे समाधान दोन डावांपुरतेच टिकते. त्यापेक्षा त्याला नेमके काम द्यावे : लगोरीतील सर्वांत वरचा दगड कच्च्या लिंबानेच ठेवायचा, त्याशिवाय लगोरी पूर्ण होणार नाही, असा नियम केला की मोठी मुले त्याला टाळत नाहीत, उलट त्याची वाट मोकळी करून देतात. थोरल्यांनी डाव्या हाताने चेंडू मारावा, मधल्यांनी उजव्या, अशी सवलतही ठेवता येते.

मुक्काम रायगड जिल्ह्यात आणि जानेवारी-फेब्रुवारीत असेल तर एक संध्याकाळ पोपटीसाठी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांसाठी, राखून ठेवावी. सर्व वयांना एकत्र गुंतवणारे याहून चांगले काम मला माहीत नाही. लागते ते एवढेच : मातीचे मडके, वालाच्या ताज्या शेंगा, भांबुर्डी या वासाच्या रानवनस्पतीचा पाला, बटाटे, रताळी, अंडी, जाडे मीठ आणि ओवा, मांसाहारी घरात मसाला लावलेले कोंबडीचे तुकडे केळीच्या पानात बांधून घालतात. पाणी अजिबात घालायचे नाही. पाल्याच्या आणि शेंगांच्या ओलाव्यावरच सारे शिजते.

पाला धुण्याचे काम धाकट्याचे. शेंगा निवडून किडक्या बाजूला काढणे आणि उरलेल्यांना मीठ-ओवा चोळणे हे सात-आठ वर्षांच्या मुलांचे. दहा-बारा वर्षांच्यांनी मडके भरावे : तळाशी पाल्याचा जाड थर, त्यावर शेंगा, मध्ये बटाटे, रताळी आणि अंडी, पुन्हा शेंगा आणि तोंडाशी पाला इतका गच्च की मडके उपडे केले तरी काही पडू नये. थोरल्यांनी पेंढा, वाळलेला पालापाचोळा आणि सुकी झावळे गोळा करावीत. सुरूच्या बनात किंवा त्याच्या कडेला आग कधीही पेटवू नये, कारण तेथील वाळक्या पानांचा थर भराभर पेटत जातो. मोकळे शेत किंवा उघडी वाळू निवडावी आणि मालकाला सांगून ठेवावे. मडके उपडे ठेवून सभोवती जळण रचावे आणि आग मोठ्या माणसानेच लावावी. आगीभोवती चार पावलांवर वाळूत रेघ ओढावी, तिच्या आत मुलांनी यायचे नाही.

साधारण अर्धा ते पाऊण तास जाळ चालू ठेवावा लागतो. वेळ पाहणे आणि जळण सुचवणे थोरल्यांकडे द्यावे. मग मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडावेत. चर्र आवाज होऊन ते तत्काळ उडाले की पोपटी झाली असे समजतात. काठीने मडके बाजूला घेऊन, थोडे निवल्यावर केळीच्या पानावर ओतावे. भांबुर्डी आणि ओव्याचा वास सुटतो, आणि एरवी वालाकडे पाहून तोंड फिरवणारी मुलेही या शेंगा सोलून खातात. अंडी आणि बटाटे आतून फार गरम असतात, धाकट्याला ते फोडून, निववून द्यावेत. उरलेली आग वाळूने झाकून ठेवू नये. झाकलेले निखारे तासन् तास धगधगत राहतात आणि अनवाणी पाय पोळतात. भरपूर पाणी ओतूनच आग विझवावी. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे भांबुर्डी सहज मिळेलच असे नाही, तेथे निखाऱ्यात भाजलेली रताळी आणि कणगरे हे कंद यांवरही मुलांची संध्याकाळ रंगते.

रात्र

धाकट्यासाठी अंधार पडल्यानंतरचा तासभर पुरे. टॉर्चच्या उजेडात तंबूच्या कापडावर हाताच्या सावल्यांचे प्राणी करावेत, एखादी गोष्ट सांगावी आणि झोपवावे. गोष्टींबद्दल एक सुचवतो : देवचार, मुंजा, खवीस, चकवा हे कोकणातील रात्रीचे ठरलेले सोबती, आणि मोठ्या मुलांना ते हवेच असतात, पण ती मैफल धाकटे गाढ झोपल्यावर आणि तंबूपासून थोडे दूर जमवावी. भ्यालेले मूल रात्रभर जागते आणि दुसऱ्या दिवशीची ओहोटी हातची जाते.

अमावास्येच्या सुमारास आकाश पाहण्यात मोठ्यांचे दोन तास सहज जातात. डिसेंबर-जानेवारीत पूर्वेकडे मृग वर येतो. त्यातील ओळीने असलेले तीन तारे म्हणजे व्याधाने मारलेला बाण, आणि त्याच रेषेत एका बाजूला व्याध व दुसऱ्या बाजूला रोहिणी सापडते. त्याच रेषेत आणखी वर कृत्तिकांचा पुंजका आहे. त्यात कोणाला किती तारे दिसतात याची चढाओढ लावावी, बहुतेकांना सहा दिसतात. जानेवारीत रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला, क्षितिजापासून फार उंच नाही असा, अगस्त्य तेजस्वी दिसतो. किशोरांसाठी खास गोष्ट ध्रुवाची : त्याची क्षितिजापासूनची उंची त्या ठिकाणच्या अक्षांशाइतकी असते. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे दहा अंश व्यापते. रत्नागिरी 17 अंशांवर असल्याने तेथे ध्रुव दोन मुठींपेक्षा थोडा खाली भरतो. उत्तरेकडे डोंगर आड येत नसेल तर हे मोजमाप स्वतः करून पाहता येते, आणि मुलाला आपण पृथ्वीवर कोठे उभे आहोत ते आपल्या मुठीने कळते.

वेळास, आंजर्ले अशा कासवांच्या किनाऱ्यांजवळ मुक्काम असेल तर रात्रीचे सारे नियम बदलतात. ऑलिव्ह रिडले माद्या हिवाळ्यात रात्री अंडी घालायला येतात आणि उजेड व गोंगाटामुळे परत फिरतात, म्हणून तेथे वाळूवर टॉर्च, शेकोटी, गाणी काहीही नको. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये संरक्षणाचे काम सुरू केले. अंड्यांतून पिल्ले बाहेर यायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. फेब्रुवारीच्या मध्यानंतर गेल्यास सकाळ-संध्याकाळी पिल्ले समुद्रात सोडताना पाहायला मिळण्याची शक्यता असते. दोरीच्या मागे उभे राहून, हात न लावता पाहायचे, हे मुलांना आदल्या दिवशीच समजावून ठेवावे. लहानांना पुढे बसू द्यावे.

कासवांचा किनारा सोडला तर अंधारात चालताना प्रत्येक पावलापुढे उजेड हवा. कोकणच्या जांभ्या कातळात आणि गवतात फुरसे हा विषारी साप असतो. बूट-चपला घालण्यापूर्वी झटकाव्यात, तंबूची चेन सदैव लावलेली असावी. दंश झालाच तर जखम न कापता, न बांधता 108 वर फोन करून मुलाला हलू न देता रुग्णालयात न्यावे. जवळचे ग्रामीण रुग्णालय कोठे आहे हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे.

तळाबाहेर, दिवसाला एकच

फिरण्याचा मोह आवरावा. दिवसाला एकच ठिकाण पुरे. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो, म्हणून मुलांनी केलेला तिथीचा हिशेब तेथे प्रत्यक्ष उपयोगी पडतो, फक्त परतीची वेळ पाणी चढण्याच्या कितीतरी आधीची धरावी. हर्णे बंदरावरील मासळीचा लिलाव सर्वच वयांना आवडतो. धाकट्याला खांद्यावर घ्यावे. मालवण-वेंगुर्ल्याकडे सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढत असतील तर रापणकरांना विचारून मुलांनीही दोरीला हात लावावा. सिंधुदुर्गात हिवाळा जत्रांचा असतो आणि दशावतार रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो. लहानांना त्यातील संकासूर हे राक्षसाचे सोंग दिसेपर्यंत जागे ठेवून मग मांडीवर झोपू द्यावे, मोठ्यांना हवे तेवढा वेळ बसू द्यावे.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मुलांनी वाळूवरून जमवलेले शंख-शिंपले एका पसरट ताटात समुद्राचे थोडे पाणी घालून ठेवावेत. काही शंख रात्रीतून जागा बदलतात, म्हणजे त्यांत खेकडा किंवा दुसरा जीव राहत असतो. सकाळी ताट तपासण्याचे काम धाकट्याला द्यावे आणि हलणारे सर्व शंख त्यानेच, मोठ्याचा हात धरून, पाण्याच्या कडेला नेऊन सोडावेत. तोवर थोरल्यांनी पुरलेल्या वाळूच्या पिशव्या उकरून रिकाम्या कराव्यात आणि मधल्यांनी तळावरील प्लॅस्टिक वेचून परतीच्या गाडीत भरावे.